वसमतचा ड्रम

पेमा नाईक तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१२ फेब्रुवारी २०००

प्रिय रामकिशन,

आधी तुझी खरडपट्टी, मग खुशाली. आपला जिल्हा हिंगोली होऊन नऊ महिने झाले आणि तू अजून पाकिटावर परभणी लिहितोस. संक्रांतीचा तुझा तिळगूळ परभणीचं दर्शन घेऊन काल पोचला. मुंग्यांनी निम्मा खाल्ला होता, तरी गोड लागला.

आता मुद्द्याचं. सेनगावच्या दुकानात लुकास तुस्कानोच्या 'नवा ठेका'चा भाग दोन आला आहे. भाग एकची आपण आयटीआयच्या होस्टेलवर किती पारायणं केली ते तुला सांगायला नको. खोलीतल्या पोरांनी आपल्याला दोनदा टेपसकट बाहेर काढलं होतं. तर भाग दोनच्या कव्हरात एक चिठ्ठी निघाली. लुकास साहेबांनी छापलंय की भाग एकच्या बी बाजूची पहिली धून घरच्या साधनांनी जशीच्या तशी बनवा आणि ३१ मेच्या आत मुंबईला पाठवा. ज्याची सगळ्यात जवळ जाईल त्याला ते सहा महिने आपल्या स्टुडिओत मदतनीस म्हणून घेणार.

रामकिशन, मला हे पाहिजे. आजवर मला कुणी पत्ता देऊन 'इथे ये' असं म्हटलेलं नाही.

कामाला लागलोय. वाशिमच्या एका बँड पार्टीने मोडीत काढलेला कॅसिओ मिळाला आहे. तीन पट्ट्या मुक्या आहेत, पण त्या धुनेत त्या तिघींचं काही काम नाही. साहेबांचा तो पोटात घुमणारा बेस माझ्या कॅसिओत नव्हताच. मग नव्या सेलवर टेप केलं आणि उतरलेल्या सेलवर वाजवलं. टेप रडतखडत फिरतो आणि आवाज खोल विहिरीत जातो. तो मधला आवाज, जो आधी बंद असतो आणि हळूहळू उघडत जातो, तो स्पीकरवर घमेलं पालथं घालून, एका बाजूने सावकाश उचलून जमवला. टाळीसाठी याडीला बसवलं. आईच्या कोपरापर्यंतच्या बांगड्यांमुळे एका टाळीत दहा टाळ्या वाजतात. साहेबांकडे त्यासाठी मशीन असेल, माझ्याकडे धुरपताबाई आहे.

बा बघून म्हणाला, "घमेलं वाजवायला आयटीआय काहून केलं रे पोरा?"

तुझा,
देविदास

*

वसमत
२५ फेब्रुवारी २०००

प्रिय देविदास,

पाकीट बघ. हिंगोली लिहिलंय, खाली दोन रेघा ओढल्यात. आता तरी माफ कर.

इकडे हळद काढून झाली, शिजवणं चालू आहे. अंगाला, कपड्यांना, भाताला, सगळ्याला तोच वास. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "देविदास अजून खेळूनच राहिला व्हय? त्याला म्हणावं, ते घमेलं धुऊन ठेव, धुरपताबाईला लागतंय." नर्मदाबाईंचं हे मत तुझ्या कलेबद्दल.

माझं मत विचारशील तर ते उतरलेल्या सेलचं डोकं फक्त तुझ्याकडेच असू शकतं. आपण कनेरगाव नाक्यावर रेडिओ-टीव्ही रिपेअरचं दुकान टाकणार होतो ते आठवतं ना? पाटीवर तुझं नाव आधी की माझं, यावर तू आठ दिवस भांडला होतास. मुंबईला गेलास तर ते भांडण मी बसल्या जागी जिंकतो. तेव्हा तू जिंकावंस अशीच माझी इच्छा आहे असं समज. नाक्यावर एकटं बसायला मला काही फार आवडणार नाही, पण तो वेगळा विषय.

माझ्याकडून काय लागेल ते सांग. आमच्याकडे बांगड्या कमी आहेत, पण बाकी मागशील ते देतो.

तुझा,
रामकिशन

*

पेमा नाईक तांडा
२४ मार्च २०००

प्रिय रामकिशन,

होळी जोरात झाली. बा तीन दिवस नगारा वाजवत होता आणि अख्खा तांडा नाचत होता. धुळवड संपल्यावर मी त्याला म्हणालो, "बा, तोच ठेका दहा मिनिटं बराबर सारखा वाजव, मला टेप करायचाय." दोन मिनिटं वाजवला आणि लागला फिरवायला. मी पुन्हा थांबवलं, पुन्हा फिरवला. शेवटी टिपरू टाकून म्हणाला, "सारखंच वाजवायचं असलं तर ते तुझं डबडं हाय की. तुझ्या बाला, थावराला, काहून तकलीफ देतो?" नगाऱ्याचा विषय संपला.

धून जवळजवळ झाली आहे. फक्त एक आवाज राहिला आणि त्याने माझी झोप उडवली आहे. डोळे मिटून आठव. सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, खर्र... खर्र... असं गोल गोल काहीतरी फिरत असतं. आपण होस्टेलवर त्याला 'गिरणी' म्हणायचो. तीच तर त्या धुनेची जान आहे. मी डब्यात वाळू हलवून पाहिली. याडीच्या सुपात तूर फिरवली. खराट्याने पत्रा घासला. काहीच नाही. माझी आता खात्री झाली आहे की तो ड्रमचा आवाज आहे. खऱ्या ड्रमचा, वर काहीतरी गोल फिरवत काढलेला.

आणि खरा ड्रम तुमच्या वसमतला आहे. तेव्हा एवढं एक काम कर. होस्टेलवरचा तुझा टेप घे, नवी कॅसेट घाल आणि ड्रमचा आवाज टेप करून पाठव. सलग दहा मिनिटं, नुसता ड्रम. मध्ये कुणी बोलू नये. ३१ मे जवळ येऊन राहिली आहे. हा आवाज मिळाला तर मी मुंबईला गेलोच म्हणून समज, नाही मिळाला तर याडीचं घमेलं तिला परत.

तुझा,
देविदास

*

वसमत
१५ एप्रिल २०००

प्रिय देविदास,

तुझं काम फत्ते झालं. कॅसेट सेनगावच्या जीपवाल्या गुलाबसिंगकडे दिली आहे, पत्राआधी पोचेल.

ड्रम कसा पाहिजे ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी आमच्या भागातला सगळ्यात मोठा निवडला. चार क्विंटल हळद एका वेळी बसते. सध्या सगळ्यांची वाळलेली हळद घासायला आली आहे, त्यामुळे नंबर लावावा लागला. ड्रम फिरवणाऱ्या ट्रॅक्टरचा फटफटाट टेपमध्ये येऊ नये म्हणून मी पलीकडच्या बाजूला, ड्रमच्या अगदी पोटाशी, पोत्यांच्या आडोशाला बसलो. दहा मिनिटं म्हणाला होतास, मी पूर्ण पंचेचाळीस मिनिटं टेप केलं. हातचं राखून कशाला करायचं.

सुरुवातीला हळदीवर साल असते, तेव्हा आवाज जाडाभरडा येतो. साल निघत जाते तसा तो बारीक होत जातो. ड्रमवर पद्माबाई म्हणून आहेत, त्या आत डोकावूनसुद्धा पाहत नाहीत. दुसरं काम करत करत कान देऊन असतात. तू म्हणाला होतास की मध्ये कुणी बोलू नये, पण पद्माबाईंना कोण सांगणार? शेवटी त्यांचा आवाज आला आहे, "झाली हळद. थांबवा." झाकण उघडलं तर हळद सोन्यासारखी लखलखत होती.

टेप आता पिवळा झाला आहे. मीही झालो आहे. आईने मला अंगणातच उभं करून दोन बादल्या पाणी ओतलं.

ड्रम कसा वाटला ते कळव.

तुझा,
रामकिशन

*

पेमा नाईक तांडा
२० एप्रिल २०००

रामकिशन,

गाढवा, हळदीचा ड्रम?

मी ड्रम म्हणालो होतो. ड्रम. ऑर्केस्ट्रात असतो तो, माणूस स्टुलावर बसून दोन काड्यांनी वाजवतो तो. तुमच्या वसमतच्या ऑर्केस्ट्राकडे आहे आणि गणपतीत आपण दोघांनी उभं राहून पाहिला होता. गुलाबसिंगने कॅसेट आणून दिली तेव्हा मी सगळ्यांना गोळा केलं होतं. बा, याडी, शेजारपाजार, झाडून सगळे. बटण दाबलं तर चार क्विंटल हळद. लोक अजून मला बघून हाताने ड्रम फिरवल्यासारखं करतात.

आयटीआयमध्ये दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तू काय शिकलास, मला खरंच कळत नाही. एक काम सांगितलं होतं. माझ्या आयुष्याचं काम होतं ते, रामकिशन, आणि ते तुला गंमत वाटली.

ती कॅसेट मी पुसून टाकली आहे. त्यावर आता दुसरं काहीतरी टेप करीन. वेळ राहिला नाही, तेव्हा नव्याने काही पाठवू नकोस.

देविदास

*

वसमत
६ मे २०००

प्रिय देविदास,

पत्र मिळालं. हळद घासून झाली, पोत्यांत भरली.

आयटीआयमध्ये मी एवढंच शिकलो की दोन्ही ड्रम गोल असतात.

धून वेळेत पाठव. कॅसेट फडक्यात गुंडाळून पाठव, पोस्टात आदळतात.

रामकिशन

*

पेमा नाईक तांडा
३० मे २०००

(पोस्टकार्ड)

रामकिशन,

कॅसेट पंचवीस तारखेला मुंबईला रवाना झाली. फडक्यात गुंडाळून. तो फिरणारा आवाज काहीतरी करून भागवला. कसा ते विचारू नकोस. आता वाट बघणं. याडी तुझी चौकशी करते.

देविदास

*

पेमा नाईक तांडा
१८ ऑगस्ट २०००

प्रिय रामकिशन,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. चार कागद फाडले. आधी लुकास साहेबांचं पत्र उतरवून देतो, मग माझं बोलतो.

"श्री. देविदास आडे यांस,

तुमची कॅसेट पोचली. निकाल आधी सांगतो. तुमचा पहिला नंबर नाही, चौथा आहे. पहिल्या मुलाकडे माझ्यासारखंच मशीन आहे आणि त्याने हुबेहूब केलंय. तुमचा बेस मात्र मला फार आवडला. तो उतरलेल्या सेलवर काढला असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय, ते वाचून मी माझ्या मशीनकडे जरा रागानेच पाहिलं.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. तुमच्या धुनेत तळाला एक फिरणारा आवाज आहे. तुम्ही लिहिता, 'तुमचा तो आवाज कसाबसा जमवला.' देविदास, माझ्या धुनेत असा आवाजच नाही. मी मूळ टेप काढून तीनदा ऐकली. तुमची कॅसेट कधीतरी उन्हात वाकली असावी आणि आतलं चाक घासत असावं.

गंमत अशी की आता मला माझीच धून त्याच्याशिवाय पोकळ वाटते. आठ दिवस मी तो आवाज मशीनवर करू पाहतोय. सुरुवातीला जाडाभरडा असतो आणि शेवटी उजळ होतो. मी बटण फिरवलं की आवाज उजळतो, पण कुणीतरी बटण फिरवलंय हे लगेच कळतं. तुमचा आपोआप उजळतो. हे कुठलं वाद्य? वाजवतं कोण? शेवटी एक बाई 'झाली हळद' म्हणतात, तर लग्नात वाजवायचं काही आहे का? वाद्य आणि वादक दोघांना घेऊन मुंबईला या. एक मदतनीस ठरला आहे, दुसऱ्यालाही जागा आहे.

लुकास तुस्कानो, मुंबई"

वाचलंस? आता माझं.

मी तुझी कॅसेट पुसली नव्हती. पुसायलाच बसलो होतो. एकदा शेवटचं ऐकू म्हणून धुनेबरोबर लावली आणि हात बटणावरच राहिला. सुरुवातीचा तुकडा, मधला तुकडा आणि शेवटचा, असे तीन तुकडे धुनेखाली घातले. पद्माबाईंना कापायला गेलो तर धूनच तुटत होती, म्हणून त्या राहिल्या. पण तुला पुसली असं लिहून बसलो होतो आणि नाक खाली करवत नव्हतं. म्हणून पोस्टकार्डावर गोलमाल लिहिलं.

आणि ती गिरणी. होस्टेलवर चहा सांडला म्हणून भाग एकची कॅसेट तू भर मे महिन्यात पत्र्यावर वाळत घातली होतीस, आठवतं? दोन वर्षं आपण वाकलेल्या कॅसेटचं रडणं ऐकून मान डोलावत होतो. मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिक, पहिल्या श्रेणीत पास, आणि चार महिने त्या रडण्याची नक्कल करत बसलो. तुला जे विचारलं होतं ते आता तू मला विचार.

ड्रम तुझा आहे. मी साहेबांना तुझं नाव कळवलं आहे. गाढव म्हणालो त्याबद्दल काय लिहू ते सुचत नाही.

तुझा,
देविदास

*

वसमत
२७ ऑगस्ट २०००

प्रिय देविदास,

परवानगी दिलीस म्हणून विचारतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं माझ्या शेजारी बसून तू काय शिकलास?

झालं, फिटलं. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुंबईच्या साहेबाला हळदीचा आवाज कळून राहिला आन् भाव कसा कळत न्हाई मुंबईवाल्यायला?" याचं उत्तर साहेबांकडून घेऊन ठेव.

आता मीही एक कबूल करतो. लिहिणार नव्हतो, पण तू चार कागद फाडलेस तर मलाही काही लपवून ठेवणं बरं वाटत नाही.

मला ड्रम कळला होता. न कळायला मी काय दूधखुळा आहे? गणपतीत आपण दोघांनीच उभं राहून पाहिला होता. तुझं पत्र आलं आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन ऑर्केस्ट्रावाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, "कुणासाठी पाह्यजे?" मी तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तांड्यावरचा हाय व्हय? त्यांनी नगारा बडवावा, होळीला नाचावं. ड्रमच्या भानगडीत काहून पडून राहिले?" तिथे बसलेले बाकीचेही हसले.

मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते. सुचले नाहीत. असे शब्द मला कायम घरी आल्यावर सुचतात. टेप उचलला आणि सायकलवर बसलो. डोकं तापलं होतं. वाटेत हळदीचा ड्रम फिरत होता, तिथे उतरलो. कॅसेट तर तुला पाठवायची होती, रिकामी कशी पाठवू? आणि 'मिळाला नाही' लिहिलं असतं तर तू काहून म्हणून विचारलं असतंस, मी तुला खोटं सांगितलं असतं आणि तू ते ओळखलं असतंस. त्यापेक्षा म्हटलं, ड्रम तर ड्रम. रामकिशन येडा आहे असं तुला वाटलं तर एक दिवस शिव्या देशील. ते बोलणं मात्र तुझ्या डोक्यात जन्मभर फिरत राहिलं असतं, आणि थावराकाकांच्याही.

आवाज चांगला निघाला ही हळदीची कृपा. माझी अक्कल नव्हती.

आता कामाचं. साहेबांना कळव की हे वाद्य एसटीत बसत नाही. आणि सध्या ऑगस्ट आहे, हळद जमिनीत आहे, ड्रम रिकामा आहे. आवाज उजळायला आधी हळद उजळावी लागते. एप्रिलशिवाय काही होणार नाही.

तुझा,
रामकिशन

*

पेमा नाईक तांडा
५ सप्टेंबर २०००

(पोस्टकार्ड)

रामकिशन,

पत्र पोचलं. बाला वाचून दाखवलं, सगळं. तो तसाच उठला. मग नगारा खाली काढला, कातडं उन्हाला लावलं आणि म्हणाला, "तुझा साहेब आला तर मला बी सांग."

मुंबईला लिहिलं आहे की वाद्य जागचं हलत नाही, तुम्हीच एप्रिलमध्ये या.

गाढव म्हणालो ते परत घेत नाही. फक्त आता ते मायेने वाच. मला रडू आलं होतं, हे पोस्टमन वाचणार, वाचू दे.

देविदास

*

मुंबई
२ जून २००१

प्रिय रामकिशन,

मदतनीस होऊन महिना झाला. मुंबई बरी आहे, फक्त इथे कुणालाच सेनगाव कुठे आहे ते माहीत नाही. मी वाशिमच्या अलीकडे सांगतो, तर वाशिमही माहीत नाही.

साहेब अजून एप्रिलमधले तुमच्याकडचे ते तीन दिवस विसरलेले नाहीत. त्यांचं पांढरं मशीन पिवळं झालं ते पुसू देत नाहीत. पद्माबाईंनी त्यांना ड्रमशी उभं करून डोळे मिटायला लावलं आणि "सांगा, झाली का हळद?" असं विचारलं. ते तीनदा चुकले. चौथ्यांदा बराबर सांगितलं, तेव्हा बाईंनी "जमंल तुमाला" म्हटलं. ते हे इथे येईल त्याला सांगतात.

'नवा ठेका, भाग तीन' तयार झाला. गुलाबसिंगच्या ओळखीने एक प्रत पाठवतो आहे. बी बाजूची पहिली धून ऐक. बाने नगारा दर फेऱ्याला फिरवला आहे आणि साहेबांनी एकदाही थांबवलं नाही. उलट मशीनचा ठेकाच त्याच्यामागे धावतो. कव्हर उलटून आतली ओळ वाच:

नगारा : थावरा आडे. ड्रम : रामकिशन कऱ्हाळे, वसमत. हाक : पद्माबाई.

साहेब 'हळदीचा ड्रम' असं छापणार होते. मी म्हणालो, नुसतं ड्रम छापा. वसमतला बराबर कळतं.

नाक्यावरच्या दुकानाची पाटी रंगवून घे. पाच महिन्यांनी मी परत येतो आहे. तुझं नाव आधी घाल.

तुझा,
देविदास

*

वसमत
२१ जून २००१

प्रिय देविदास,

कॅसेट पोचली. पत्र्यावर ठेवलेली नाही.

पाटी रंगवून झाली. तुझं नाव आधी आहे. रंगाऱ्याला मी उलटं सांगितलं होतं, पण आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "लेकरू परदेशी हाय, त्याचं आधी टाक." मुंबई तिच्या हिशोबाने परदेश.

पण पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितो आहे. काल दुपारी घरासमोर मोटारसायकल थांबली. उतरला कोण, तर आपला ऑर्केस्ट्रावाला. त्याला माझा चेहरा आठवत नव्हता, मला त्याचा चांगला आठवत होता. हातात भाग तीनची कॅसेट होती. कव्हरवर बोट ठेवून म्हणाला, "हे ड्रम वाजवणारे रामकिशन तुमीच का? लय सफाई हाय हो हाताला. आमचा ड्रमर सोडून गेला. लग्नसराईपर्यंत आमच्यात या."

मी म्हणालो, "माझं काय, ड्रमच घेऊन जा." हंगाम संपला की तो ड्रम आता आमच्याच मागच्या शेडमध्ये ठेवतात, तिथे त्याला नेलं. ड्रम तिथे बंद पडलेला, वर आमची तुरेवाली कोंबडी बसलेली. मी म्हणालो, "हाच तो. चार क्विंटलचा हाय. स्टेज मजबूत पाह्यजे." तो ड्रमकडे बघे, कव्हरकडे बघे, पुन्हा ड्रमकडे बघे. पोती शिवायला आलेल्या पद्माबाई तोंडाला पदर लावून पोत्यांमागे गेल्या.

मग त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "बरं, ते ऱ्हाऊ द्या. पण हे नगाऱ्यावर कोण हायत, थावरा आडे? असा हात मी आजवर ऐकला न्हाई. तुमच्या वळखीचे असतील तर त्यांना तरी घेऊन या. मागतील तेवढा मान देतो."

देविदास, मागच्या वेळी शब्द घरी आल्यावर सुचले होते. या वेळी मी घरीच होतो. म्हणालो, "वळखीचे हायत की. पण ते तांड्यावरचे हायत. ड्रमच्या भानगडीत न्हाई पडत."

त्याला आठवलं. तोंडावरून कळलं मला. आईने चहा दिला तो मान खाली घालून प्यायला आणि जाताना कॅसेट विसरून गेला. ती मी थावराकाकांना पाठवून दिली आहे. त्यांना म्हणावं, ही वाकलेली नाही, निवांत ऐका.

तुझा,
ड्रमवाला रामकिशन